शंकेश्वराच्या पानांवर हे ठिपके कसले? सोयाबीनला धोका आहे का?

येरळाकाठ
नमस्कार मंडळी. माझं गाव कडेगाव तालुक्यात, येरळेच्या काठाला. आमच्या रानाला लागूनच गायरान आहे. यंदा पाऊस वेळेवर लागला, त्यामुळं गायरानात गवतापेक्षा शंकेश्वरच जास्त माजलाय, कंबरेला लागतो. परवा म्हशी सोडायला गेलो तेव्हा दिसलं की जवळजवळ प्रत्येक झाडाच्या पानांवर पिवळे गोल ठिपके पडलेत. ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढे. काही ठिपके मधे तपकिरी झालेत. बुडाकडची पानं करपून लोंबतायत.

नुसतं तण असतं तर मी म्हटलं असतं, मरू दे. पण बांधाच्या अलीकडं माझं सव्वा एकर सोयाबीन आहे, फुले संगम, आणि शेंगा आत्ता कुठं भरायला लागल्यात. तालुक्याला एका दुकानात मोबाईलवरचा फोटो दाखवला. बघताक्षणी म्हणाले, "तांबेरा आहे, आठ दिवसांत सोयाबीनवर येणार, आजच फवारा घ्या," आणि दोन बाटल्या काढून काउंटरवर ठेवल्या. पैसे द्यायच्या आधी हात थांबला. चार वर्षांपूर्वी असंच घाईनं फवारलं होतं आणि नंतर कळलं की तो रोगच नव्हता, पाण्याचा ताण होता. म्हणून आधी इथं विचारतोय. फोटो जोडलेत.

माणदेशी
दादा, शंकेश्वर म्हणजे गोखरूच का? आमच्याकडं आटपाडीत गोखरू म्हटलं की जमिनीवर पसरणारा सराटा डोळ्यापुढं येतो, पायात मोडणारा. फोटोतलं झाड तर उभं दिसतंय.

रानपाखरू
माणदेशी, तुमची शंका रास्त आहे. गोखरू हे नाव दोन झाडांना लावतात आणि त्यावरून नेहमी घोटाळा होतो. सराटा म्हणजे ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस. पिवळं फूल, बारीक संयुक्त पानं, जमिनीला चिकटून वाढतो. फोटोतलं झाड झँथियम स्ट्रुमेरियम आहे. उभं खोड, हाताला खरबरीत लागणारी मोठी पानं, आणि आकड्यांनी भरलेली लांबट बोंडं, जी धोतराला आणि मेंढीच्या लोकरीला चिकटून गावोगाव जातात. हे सूर्यफुलाच्या कुळातलं. सराटा त्या कुळातला नाही. रोग ओळखताना झाड आधी नक्की व्हायला लागतं, कारण पुष्कळ बुरश्या ठरावीक झाड सोडून दुसरीकडं जगतच नाहीत.

येरळाकाठ, तुमचे चारही फोटो पानाच्या वरच्या अंगाचे आहेत. त्यावरून मी काही सांगणार नाही आणि कुणी सांगितलं तर तुम्हीही मानू नका. उद्या सकाळी दव असताना रानात जा. पान उलटं करा. पिवळ्या ठिपक्याच्या बरोबर खाली काय आहे ते बघा. मग पांढरा रुमाल किंवा स्वच्छ बोट त्यावर हलकं घासा आणि रंग लागतो का पाहा. ठिपक्यात गोल गोल कडी दिसतात का, एकात एक, तेही बघा. आणि रोग फक्त बुडच्या जुन्या पानांवर आहे की शेंड्याकडच्या कोवळ्या पानांवरही, हे लिहून ठेवा. घरात भिंग असेल तर उत्तम. नसेल तर दुर्बिणीची उलटी बाजूही चालते.

हळदीचं रान
मी मिरज तालुक्यातून. दुसऱ्या फोटोत बुडच्या पानावर मला कडी स्पष्ट दिसतायत, नेमबाजीच्या लक्ष्यासारखी. हा अल्टरनेरिया बुरशीचा करपा आहे. टोमॅटोवर आम्ही दरवर्षी बघतो. हळदीवरच्या ठिपक्यांपेक्षा हा वेगळा दिसतो. हळदीचा ठिपका लांबट, मधे राखाडी, भोवती पिवळं वलय. माझ्या मते तांबेरा नाही.

येरळाकाठ
सकाळी सहालाच गेलो. पोरीच्या शाळेचं भिंग घेतलं होतं.

पान उलटं केलं आणि खरं सांगतो, थक्क झालो. वरचा प्रत्येक पिवळा ठिपका, त्याच्या बरोबर खाली एक उंचवटा. चॉकलेटी रंगाचा, उशी ठेवल्यासारखा. भिंगातून बघितलं तर तो एक उंचवटा नाही, खसखशीएवढ्या बारीक गाठींचा पुंजका आहे, गोलाकार मांडलेला. काही पानांच्या शिरेवर आणि देठावरही आहेत, तिथं देठ जरा वाकलंय. रुमाल घासला. काही लागलं नाही. परत जोरानं घासला तर पानाचा हिरवा रस लागला, पण तांबडी पूड नाही. कोवळ्या पानांवरही पिवळे ठिपके आहेत, खालच्या गाठी मात्र अजून लहान.

आणि हळदीचं रान दादांचंही बरोबर निघालं. बुडच्या दोन-तीन पानांवर कडी असलेले वाळके ठिपके वेगळेच आहेत. त्यांच्या खाली गाठी नाहीत. म्हणजे एका झाडावर दोन भानगडी.

रानपाखरू
फार चांगलं निरीक्षण केलंत. आता बोलता येईल.

वरून पिवळा ठिपका, खाली घट्ट चॉकलेटी उशी, हाताला पूड न लागणं, देठ आणि शिरा सुजणं, आणि झाड शंकेश्वराचं. हे सगळं एकत्र आलं की एकच नाव पुढं येतं, पुक्सिनिया झँथी. शंकेश्वराचा तांबेरा. म्हणजे दुकानदार शब्दानं बरोबर होते, पण अर्थानं चुकले. 'तांबेरा' हे एका रोगाचं नाव नाही, ते एका मोठ्या घराण्याचं नाव आहे. गव्हाचा तांबेरा भुईमुगावर जात नाही, भुईमुगाचा सोयाबीनवर जात नाही. प्रत्येकाचं आपलं आपलं झाड ठरलेलं असतं. शंकेश्वराचा तांबेरा नव्यानं सापडलेला नाही. अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलिनातल्या बुरश्यांचा अभ्यास करताना श्वाइनिट्झ यांनी १८२२ मध्येच त्याला हे नाव दिलं.

रुमालाची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण सगळं उत्तर तिथं आहे. सोयाबीन, भुईमूग, गहू यांच्या तांबेऱ्याला पूड असते. ती पूड म्हणजे बुरशीचे बीजाणू, तिच्या बियाच म्हणा. ते हलके असतात, वारा लागला की उडतात आणि कोसच्या कोस जातात. हात फिरवला की बोटाला गंजासारखा रंग लागतो. शंकेश्वराच्या तांबेऱ्यानं हा टप्पाच गाळून टाकलाय. त्याच्याकडं उडणारी पूड नाही. त्याचे दोन कप्प्यांचे जाड बीजाणू पानाला देठानं घट्ट धरून बसतात, गळत नाहीत. पानावरच ते रुजतात आणि तिथून रंगहीन, नाजूक, बारीक बीजाणू बाहेर टाकतात. ते ओल असेल तरच जगतात आणि फार दूर जात नाहीत. म्हणून गायरानात झाड झाडाला लागून असताना रोग इतका दाट दिसतो.

एक सोपा प्रयोग करा. जेवणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ओला वर्तमानपत्राचा कागद घाला, त्यावर दोन काड्या आडव्या ठेवा आणि काड्यांवर गाठी असलेलं ताजं पान ठेवून झाकण लावा. रात्रभर सावलीत राहू दे. सकाळी चॉकलेटी गाठींवर राखेसारखा पांढुरका थर आला तर ते बीजाणू जागच्या जागी रुजले. ही याची ओळख आहे.

कडी असलेले ठिपके अल्टरनेरियाचे असण्याची शक्यता मोठी, पण ते सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय मी नक्की म्हणणार नाही. म्हाताऱ्या, तांबेऱ्यानं आधीच दमलेल्या पानांवर अशा बुरश्या मागून येतात.

वाळव्याचा गडी
आम्ही सोयाबीनचा तांबेरा अंगावर काढलाय, त्यामुळं मी फक्त त्याबद्दल सांगतो.

सोयाबीनचा तांबेरा म्हणजे फॅकोप्सोरा पॅकिरायझी, तो शेंगवर्गीय झाडांवर जगतो. शंकेश्वरावरून तो यायचा प्रश्न नाही. पण त्याचा अर्थ तुमच्या सोयाबीनला यंदा तांबेरा येणारच नाही असाही घेऊ नका. कृष्णाकाठचा पट्टा याच्यासाठी बदनाम आहे. ढगाळ हवा, रिमझिम आणि पानं सकाळी उशिरापर्यंत ओली राहिली की तो वाऱ्यानं येतो. म्हणून शंकेश्वर बघू नका, सोयाबीन बघा. रानाच्या मधे जा, कडेला नको. वाकून बुडाची पानं उलटी करा. पहिला ठिपका तिथंच सापडतो. टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी फोड, आणि बोट फिरवलं की रंग. दर चार दिवसांनी पाच ठिकाणी असं बघा.

तुमचा वाण फुले संगम, म्हणजे केडीएस ७२६. यातलं केडीएस म्हणजे कसबे डिग्रज सोयाबीन. आपल्याच सांगलीजवळच्या कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राचं काम. हे वाण तांबेऱ्याला बऱ्यापैकी तोंड देतं, पण अगदीच लागत नाही असं समजू नका. फोड दिसले तर हेक्झाकोनॅझोल किंवा प्रॉपिकोनॅझोल वेळेवर घ्यायचं. न दिसता फवारायचं नाही. मी एका वर्षी तीन फवारण्या नुसत्या भीतीनं केल्या, त्याचे पैसे अजून मनात टोचतात.

जतची मेंढरं
माझा प्रश्न वेगळा आहे. आमचा कळप माडग्याळी. पावसाळ्यात येरळेकडं, कृष्णेकडं उतरतो. शेरडं-मेंढरं हे ठिपक्यांचं पान खातात का म्हणून बघितलं, तर तोंड लावून सोडून देतात. पण एकाददुसरं खाल्लंच तर विषबाधा होते का? गेल्या वर्षी आमचं एक कोकरू अचानक गेलं, नदीकाठी चरून आल्यावर. तेव्हापास्नं धास्ती आहे.

गोठा आणि दवाखाना
मी पशुवैद्यकात आहे, साताऱ्याकडं. शंकेश्वराचं विष खरं आहे, पण ते कुठं असतं हे नीट समजून घ्या. कार्बॉक्सिअॅट्रॅक्टिलोसाइड नावाचा घटक बियांमध्ये आणि नुकत्याच उगवलेल्या रोपाच्या पहिल्या दोन जाड दलांमध्ये असतो. खरी पानं फुटून झाड वाढलं की हे प्रमाण कमी होतं, शिवाय पान खरबरीत आणि कडू, जनावर आपण होऊन खात नाही. धोका असतो तो नदीचं पाणी ओसरल्यावर काठाच्या गाळात एकदम हिरवीगार दोन-पानी रोपं उगवतात तेव्हा, किंवा पहिल्या पावसानंतर दुसरं काही हिरवं नसतं तेव्हा. कोवळं असल्यामुळं वासरं, कोकरं ते खातात. मग यकृतावर आघात होतो, रक्तातली साखर घसरते, जनावर लडबडतं, आचके देतं, काही तासांत दगावतं. मी स्वतः जी प्रकरणं हाताळली ती सगळी याच टप्प्यातली होती.

तुमच्या कोकराबद्दल लक्षणं न बघता मी काही म्हणणार नाही. पण पुढच्या वर्षी गाळाच्या काठावर कळप उपाशीपोटी सोडू नका. आधी थोडी वैरण टाका, मग सोडा. लक्षण दिसलं तर घरगुती उपायात वेळ घालवू नका, लगेच डॉक्टर बोलवा.

बोंडांचंही सांगतो. लोकरीत अडकलेली बोंडं कातरणीच्या वेळी हात फाडतात आणि लोकरीचा भाव पाडतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

जतची मेंढरं
डॉक्टर, गाळाचाच काठ होता. रोपं दोन पानांचीच होती. आता लक्षात आलं. आभारी आहे.

कोरेगावकर
धाग्यात घुसतोय, माफ करा. आमच्या विहिरीजवळच्या शंकेश्वरावर पिवळे ठिपके नाहीत, पण पानाच्या वरच्या अंगाला पांढरी पीठ शिंपडल्यासारखी पूड आहे. शेजारी दोडका आणि काकडीचा मांडव आहे. तांबेऱ्याचंच हे दुसरं रूप आहे का?

रानपाखरू
नाही, कोरेगावकर, ही भुरी. पानाच्या वर, पांढरी, बोटानं पुसली जाते. तांबेऱ्याशी तिचा संबंध नाही. पण तुमच्या मांडवाच्या बाबतीत मी येरळाकाठांना दिलं तसं निर्धास्त उत्तर देणार नाही. काकडीवर्गीय पिकांच्या भुरीचं एक मुख्य कारण असलेल्या बुरशीचं नाव पोडोस्फेरा झँथी आहे. ते 'झँथी' याच झाडावरून, झँथियमवरून आलंय. शंकेश्वरावर भुरी करणाऱ्या बुरश्या एकापेक्षा जास्त आहेत, आणि एकाच नावाखालचे सगळे प्रकार प्रत्येक पिकावर जातातच असंही नाही. तुमच्या झाडावर कोणती आहे ते डोळ्यांनी सांगता येत नाही. विहिरीजवळची ती झाडं उपटून टाका, त्यात नुकसान काहीच नाही. आणि दोडक्याची जुनी पानं आतून उघडून बघत राहा.

येरळाकाठ
डबा उघडला. सगळ्या गाठींवर राखाडी थर! काल चॉकलेटी होत्या, आज चुलीतल्या निखाऱ्यावर राख धरावी तशा. पोरगी म्हणते पानाला बुरशी लागली. मी म्हटलं, अगं बुरशीलाच कोंब फुटलेत.

विट्याच्या कॉलेजात एका ओळखीच्या प्राध्यापिकांकडं पानं घेऊन गेलो. त्यांनी गाठीचा पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. मलाही बघू दिलं. तपकिरी, गुळगुळीत, मधोमध किंचित आवळलेले दोन कप्पे, टोकाला भिंत जाड, आणि खाली लांब देठ. शेकड्यांनी, दाटीवाटीनं उभे, ज्वारीच्या ताटांसारखे. मग बुडच्या पानाच्या कडीवाल्या ठिपक्यावर सेलोटेप दाबून तो काचेवर लावला. तिथं वेगळंच. गदेसारखे बीजाणू, आडव्या-उभ्या भिंती, विटा रचल्यासारख्या, आणि एकाला एक जोडून साखळी. त्या म्हणाल्या, अल्टरनेरिया. हळदीचं रान दादा, तुमचा डोळा मानला.

हळदीचं रान
आनंद वाटला. पण मी 'तांबेरा नाही' असंही म्हणालो होतो, ते चुकलं. एकच पान बघून सगळ्या झाडाचं ठरवलं. पान उलटं करून बघायला मी सांगायला हवं होतं.

माणदेशी
मग आता मोठा प्रश्न. हा रोग शंकेश्वर मारतो का? मारत असेल तर चार पोती पानं मी माझ्या गायरानात आणून टाकतो. काँग्रेस गवतावर तो मेक्सिकन भुंगा सोडतात तसं.

रानपाखरू
तुमचा विचार वेडा नाही. ऑस्ट्रेलियात १९७० च्या दशकात हाच तांबेरा शंकेश्वराच्या जातीवर आला आणि क्वीन्सलँडच्या उष्ण, ओल्या भागात त्यानं तणाचा जोर बराच मोडला. पुढं त्याच बुरशीचा दुसरा एक प्रकार गाजर गवतासाठी, म्हणजे तुमच्या काँग्रेस गवतासाठी, तिथं मुद्दाम सोडला गेला. पण दोन्ही प्रकार आपापल्या झाडाचे. शंकेश्वरावरचा तुमच्या गाजर गवतावर काम करणार नाही.

आटपाडीत पानं आणून टाकण्याबद्दल मी नाही म्हणेन. एक तर पानं एका दिवसात वाळतात आणि ते नाजूक बीजाणू मरतात. तुमच्याकडं ओल कमी, दव कमी. दुसरं म्हणजे पोत्यात पानांबरोबर बोंडं येतील आणि तुम्ही रोगाऐवजी तणच पेराल. शिवाय हा तांबेरा झाडाला खुजं करतो, पानं गाळतो, बोंडं कमी लागतात, पण उभं झाड सहसा मारत नाही.

वाळव्याचा गडी
आणि बोंडाची खोड माहीत आहे ना? प्रत्येक बोंडात दोन बिया. एक बहुधा पुढच्या पावसात उगवते, दुसरी मागं राहते आणि नंतर कधीतरी येते. म्हणून एक वर्ष उपटून सुटका होत नाही. आम्ही तीन वर्षं सलग उपटलं तेव्हा बांध मोकळा झाला. बोंडं हिरवी धरायच्या आधी, जमीन ओली असताना, मुळासकट. बोंडं धरलेली झाडं उकिरड्यात टाकू नका, तिथून शेणखताबरोबर परत रानात येतात.

सूर्यफूल जत
आमच्याकडं सूर्यफूल आहे. सर म्हणाले एकाच कुळातलं. मग आम्ही काय करायचं?

रानपाखरू
सूर्यफुलाचा नेहमीचा तांबेरा वेगळ्या बुरशीचा, पुक्सिनिया हेलिएन्थीचा. त्याला पूड असते, रुमाल तांबडा होतो. रुमाल कोराच राहिला आणि घट्ट उशा दिसल्या, तर मात्र मला पान पाठवा. दोन कागदांत घालून, जाड पुस्तकाखाली दाबून, सुकवून. प्लास्टिकच्या पिशवीत नको, कुजतं.

येरळाकाठ
तीन आठवड्यांनी लिहितोय. सोयाबीन दर चार दिवसांनी पाच ठिकाणी बघितलं, वाळव्याच्या दादांनी सांगितलं तसं. गेल्या सोमवारी रानाच्या मधे, सखल जागी, दोन झाडांच्या बुडच्या पानांवर फोड सापडले. रुमाल घासला आणि या वेळी तांबडा रंग लागला. हा आपला सोयाबीनवाला. त्याच दिवशी संध्याकाळी एकच औषध घेऊन फवारलं. शेंगा बऱ्यापैकी भरल्या आहेत, वरची पानं अजून हिरवी आहेत.

गायरानातला शंकेश्वर गावातल्या पाच-सहा जणांनी मिळून बांधालगतच्या दोन एकरांत उपटला. उरलेल्याला वेळ मिळाला नाही, बहुतेक झाडांना बोंडं धरलीत. ठिपक्यांची झाडं मात्र खरंच खुजी राहिलीत, बोंडंही विरळ. कॉलेजच्या मॅडमनी दोन दाबलेली पानं ठेवून घेतली आणि त्यावर गावाचं नाव आणि तारीख घातली. पुढच्या वर्षी काठाच्या गाळात रोपं दिसली की मी इथं फोटो टाकीन, जतच्या दादांच्या कळपासाठी.